पाणी उजव्या हाताला

कॉलेजचा महोत्सव आहे म्हणून प्राचार्यांचा फोन आला. म्हणाले, “सर, स्मरणिकेसाठी आपल्या मैदानी खेळांचा इतिहास लिहून द्या. दोन पानांत बसला पाहिजे.” निवृत्त माणसाला कोणी काम सांगितलं की त्याला कोण आनंद होतो, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. मी एका दुपारी दोन पानं खरडून दिली. भाला कोणी कुठवर फेकला, विद्यापीठाच्या संघात कोण गेलं, ढाल कधी मिळाली आणि कधी थोडक्यात हुकली. प्राचार्यांनी वाचून “छान, सुटसुटीत” असा शेरा दिला. मला मात्र ते दुसऱ्याच कुठल्या तरी कॉलेजबद्दल लिहिल्यासारखं वाटलं. त्यात आमचा तलाव नव्हता, मासेमार गोमाजी नव्हता, आणि शर्यत जिंकल्यावर उलट्या दिशेने पळत सुटलेली रंजनाही नव्हती. ते सगळं इथे लिहितो आहे. दिवाळीच्या चकलीबरोबर वाचायला हरकत नाही.

आधी माझ्या नोकरीविषयी सांगतो, कारण प्राध्यापकांनासुद्धा ती कधी नीट समजली नाही. माझं पद ‘शारीरिक शिक्षण संचालक’. एवढं मोठं नाव फक्त पगारपत्रकात. बाजारात मी ‘खेळाचे सर’. स्टाफरूममधला समज असा, की हा माणूस सकाळी चेंडू वाटतो, संध्याकाळी गोळा करतो आणि मधल्या वेळात गळ्यात शिट्टी घालून चहा पितो. चहा मी प्यायचो, ते नाकारत नाही. पण खरं काम वेगळंच असायचं. कोणाच्या पायात काटा रुतून बसलाय, कोण सकाळी उपाशीपोटी पळतंय, कोणाच्या घरी रोवणी आहे आणि ती पोरगी आठवडाभर येणार नाही, हे ध्यानात ठेवणं म्हणजे माझी नोकरी. धानाच्या मुलखात रोवणीच्या दिवसांत मी कोणाची गैरहजेरी लावली नाही. दिवसभर चिखलात वाकून मागे-मागे सरकत रोवणाऱ्या पोरीला मी वेगळा व्यायाम काय सांगणार होतो?

कॉलेजचं नाव सांगत नाही. लाखनीच्या आसपासचं समजा. मी रुजू झालो तेव्हा जिल्हा नुकताच फुटला होता. गोंदिया वेगळा झाला आणि आमचा भंडारा लहान झाला. सरकारी कचेऱ्यांचं काय झालं असेल ते असो, आमच्या संघातली पोरं मात्र खरोखर फुटली. देवरीकडचा हिरालाल आमच्याकडे भाला फेकायचा. हाताला असा झोका, की भाला सुटल्यावर हवेत सूं असा आवाज यायचा. त्याच्या बापाने ठरवलं, आता आपला जिल्हा वेगळा, पोरगा आपल्याच जिल्ह्यात शिकेल. झालं. पुढच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत हिरालाल नव्या कॉलेजकडून आला. त्यांचा भाला शेपटाकडून फाटलेला. हा पठ्ठ्या सरळ माझ्यापुढे येऊन उभा.

“सर, भाला द्या नं.”

“अरे, तू आता आमच्या विरुद्ध आहेस.”

“भाला थोडीच विरुद्ध आहे जी.”

दिला. आमच्याच भाल्याने त्याने आमच्याच पोराला हरवलं, पाया पडला आणि भाला पुसून परत केला. आमची पोरं दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाहीत. “सर, तुम्हीच हरवलं आपल्याले,” म्हणायची. भाला आपला, फेकणारा आपल्या हाताखालचा, जिल्हा तेवढा दुसरा. यात हरलं कोण, असं मी त्यांना विचारायचो. त्यांना ते पटायचं नाही. मला अजून पटतं.

आता तलावाकडे येतो. कॉलेजचं मैदान हायवेला लागून होतं. रस्ता चौपदरी झाला तेव्हा मैदानाचा मोठा तुकडा त्यात गेला. उरलेल्या जागेत कबड्डी व्हायची, व्हॉलीबॉल व्हायचा, पण धावायला जागा नव्हती. बाहेरच्यांसाठी सांगतो, धावण्याचं मैदान म्हणजे ट्रॅक हा अंड्यासारखा लांबट गोल असतो, त्याची एक फेरी चारशे मीटरची. तेवढी सपाट जागा आमच्याकडे पुन्हा कधी झाली नाही. मी सायकलवर आजूबाजूला फिरून पाहिलं. शेवटी कॉलेजमागच्या गावचा तलाव सापडला. तीन बाजूंनी मातीची रुंद पाळ, चौथ्या बाजूला बैलगाडीची वाट. पूर्ण फेरी घालता येत होती. पाळीवरची माती पायाखाली मऊ, पहाटे पाण्यावरून थंड वारा. असा ट्रॅक नागपुरातही नव्हता. मी खूश झालो, आणि दुसऱ्याच सकाळी पोरं-पोरी घेऊन पाळीवर हजर झालो.

ट्रॅकवर धावताना आतली बाजू डाव्या हाताला ठेवायची, हा नियम. जगात सगळीकडे असंच धावतात. मी पोरांना तसंच सोडलं, तलाव डाव्या हाताला ठेवून. पहिली फेरी अर्धी झाली नसेल, तोच पाण्यातून आवाज आला.

“थांबा जी! थांबा म्हणतो नं!”

कमरेएवढ्या पाण्यात जाळं घेऊन एक म्हातारा उभा होता. तोच गोमाजी. मासेमारांच्या मोहल्ल्यातला वडीलधारा माणूस. तलावातल्या मासळीवर त्याची नजर आणि पाळीवरच्या माणसांवरही त्याची नजर. ओलाचिंब वर आला आणि माझ्यापुढे उभा राहिला.

“सर हात का तुमी?”

“हो. कॉलेजचा.”

“मंग लेकरायले मयतीच्या वाटेनं काहून पळवून राहिले?”

मला काही कळेना. मग त्याने समजावलं. या गावात तलावाला उजवा हात द्यायचा. सकाळी फिरायला जा, वरात काढा, बैल धुऊन आणा. पाणी उजव्या हाताला ठेवूनच पाळीवरून जायचं. पाण्याच्या कडेला मोठा पिंपळ आहे. बौद्ध मोहल्ल्याचा तो बोधिवृक्ष, बाकीच्यांचा मारोतीचा पिंपळ. दोन्ही मोहल्ल्यांचं दहा गोष्टींत जुळत नसेल, पण झाड उजव्या हाताला ठेवून फिरायचं, यावर कोणाचं दुमत नाही. पाणी डाव्या हाताला ठेवून एकच गोष्ट जाते, ती म्हणजे तिरडी. पाळीच्या पल्याड स्मशान आहे.

मी नियम सांगायचा प्रयत्न केला. विद्यापीठ, ट्रॅक, डावी बाजू. गोमाजीने शांतपणे ऐकून घेतलं.

“विद्यापीठ तुमचं,” तो म्हणाला, “तलाव आमचा.”

मला तलाव हवा होता. मी शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना उलट फिरवलं. त्या दिवसापासून आमच्या कॉलेजची पोरं पाणी उजव्या हाताला ठेवून धावू लागली. भंडारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजचा धावण्याचा सराव जगाच्या उलट्या दिशेने चालतो, हे विद्यापीठाला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेही टक्कर होऊन. स्पर्धेच्या सकाळी अंग गरम करायला आमचा धनराज ट्रॅकवर उतरला आणि सवयीप्रमाणे उजवा हात देऊन पळत सुटला. समोरून दुसऱ्या कॉलेजचा एक उंच धावपटू येत होता. दोघंही आडवे. धनराजचं नाक फुटलं, त्या बिचाऱ्याचा गुडघा. पंच माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “हे आलं उलट्या चाकाचं कॉलेज.” ते नाव आम्हाला चिकटलं ते चिकटलंच. स्पर्धेत नाव पुकारताना लोक हळूच हसायचे. मीही हसायचो. दुसरं काय करणार?

मग रंजना आली.

रंजना मेश्राम आंबागडची. गडाच्या पायथ्याशी घर, बाप जंगलाच्या कामावर, थोडी धानाची शेती. लहानपणापासून मोहफुलं वेचायला, सरपणाला गडावर चढ-उतार केलेली. आमच्याकडे बी.ए.ला आली तेव्हा तलावाजवळच्या मोहल्ल्यात आत्याकडे राहायला आली. पहिल्या दिवशी चपला काढून पाळीवर धावली. मी घड्याळ पाहिलं, झटकलं, परत पाहिलं. घड्याळ बरोबर होतं. तिच्यासारखी लांब पल्ल्याची धावपटू माझ्या हाताखाली आधी आली नव्हती आणि नंतरही आली नाही, हे मी आता कोणाची भीड न ठेवता सांगतो.

तिच्या वडिलांची एक अट होती. शामराव साधा माणूस, लेकीवर जीव. पण घरी पाहुणे येऊन जात होते, स्थळं सांगत होते. तो एकदा कॉलेजात आला, टोपी हातात घेऊन माझ्यापुढे बसला. त्याने कुठे तरी विद्यापीठाच्या संघातल्या मुलाला निळ्या कोटात पाहिलं होतं. विद्यापीठाच्या संघात निवड झाली की तो कोट मिळतो, खिशावर विद्यापीठाचं चिन्ह असतं. त्या कोटाची किंमत कापडात नसते. तो असला की नोकरीच्या दारात खेळाडू म्हणून उभं राहता येतं.

“सर,” शामराव म्हणाला, “पोरीनं तो कोट आणला त मी तिले शिकवतो, पळवतो, नोकरीले पाठवतो. नाही आणला त मंग लगन. मी किती दिवस लोकायले थांबवू?”

अट चुकीची होती असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही. त्याच्या जागी तो बरोबर होता.

त्या वर्षी पाच हजार मीटरच्या शर्यतीला रंजना नागपुरात उतरली. पहिल्या दोघींची विद्यापीठाच्या संघात निवड होणार होती. सरळ पट्ट्यावर ती सगळ्यांच्या पुढे जायची आणि वळण आलं की बाहेर फेकली जायची. हे का होतं ते सांगतो. वळणावर धावताना अंग आतल्या बाजूला झुकवावं लागतं, नाही तर पाय तुम्हाला बाहेर नेतात. रंजनाचं अंग उजवीकडे झुकायला शिकलेलं. डाव्या वळणावर तिची पावलं अडखळायची, ती आतली पट्टी सोडून दुसरीत, तिसरीत जायची आणि दर वळणाला चार पावलं जास्त धावायची. पाच हजार मीटरला वळणं काही थोडी नसतात. ती तिसरी आली.

बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. साकोलीकडे जाणारी ती बस, ट्रकांच्या मागून रखडत चाललेली. मी केळं पुढे केलं, तिने घेतलं नाही.

“सर, मी कमी नाही पडली,” ती म्हणाली. “माह्ये पाय उलटे आहेत.”

शामरावने एक वर्ष वाढवून दिलं. बी.ए.चं शेवटचं वर्ष, धान कापणीपर्यंत. त्यानंतर त्याच्याच्यानेही पाहुणे थांबणार नव्हते.

डाव्या बाजूने सराव झाल्याशिवाय कोट मिळणार नव्हता, हे मला दिसत होतं. शेतं धानाने भरलेली, मैदान हायवेखाली गेलेलं, दुसरी जागा नव्हती. मी गोमाजीकडे गेलो. तो म्हणाला, एकट्याने नाही, पिंपळाखाली बोलू. संध्याकाळी दोन्ही मोहल्ल्यांतली चार-चार माणसं बसली. मी मातीत काडीने ट्रॅक काढून दाखवला. नागपुरात मैदान डाव्या हाताला असतं, पोरीला तशी सवय नाही, म्हणून ती हरते, एवढंच सांगितलं.

“नागपूरचं नागपूरवाले पायतीन,” एक जण म्हणाला.

गोमाजी मातीतल्या त्या अंड्याकडे पाहत होता. तेवढ्यात मागे उभी असलेली रंजना पुढे आली. तिला मी बोलावलं नव्हतं.

“आबाजी,” ती म्हणाली, “बाबा म्हणते कोट आणला त शिक, नाही त कापणीनंतर लगन. मले अजून पळाचं आहे.”

गोमाजीने मान वर केली.

“माय, त्या वाटेनं माह्यी बुढी गेली. माहा मोठा पोरगा गेला. त्या वाटेनं गेलेला वापस येत नाही. तू रोज तिकडून जाशीन, अन् मी पाण्यात उभा राहून पाहीन. मले बरं वाटन का?”

इतके दिवस मी त्याला हट्टी म्हातारा समजत होतो.

“मी त रोज वापस येईन, आबाजी,” रंजना म्हणाली.

गोमाजीने हातातली विडी विझवली.

“मंग वापस येऊन दाखव. जेवढ्या फेऱ्या उलट्या, तेवढ्या सुलट्या. आधी तिकडून जाय, मंग इकडून फेड. एकही बाकी ठेवाची नाही. बाकी ठेवून घरी गेली त मी तुह्या आत्याच्या दारात येऊन बसन, सांगून ठेवतो.”

असा आमच्या कॉलेजचा सरावाचा आराखडा तयार झाला. तो मी कोणत्याही अभ्यासक्रमात वाचलेला नव्हता. विचार करा, पोरगी आधी डाव्या हाताच्या फेऱ्या मारणार, आणि दमल्यावर तेवढ्याच उजव्या हाताच्या फेडणार. म्हणजे सराव दुप्पट. मी तिला एवढं पळवलं असतं तर प्राचार्यांनी मला नोटीस दिली असती. गोमाजीने पळवलं तर सगळं गाव त्याच्या बाजूने.

आणि गावाने लक्ष कसं ठेवलं म्हणता! घाटावर धुणं धुणाऱ्या बाया, बैल पाजायला आलेले गडी, पिंपळाखाली बसलेले म्हातारे, सगळ्यांना तिच्या फेऱ्या तोंडपाठ. ती थांबून गुडघ्यावर हात टेकवून श्वास घेऊ लागली की घाटावरून लीलाबाई ओरडायची, “एक बाकी आहे वं पोरी!” एकदा तिला ताप भरला म्हणून मी एक फेरी सोडून घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी गोमाजी कॉलेजात, थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये. “पोरीची एक बाकी आहे. तिच्या जिवाले काही झालं त कोण पायन?” प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं, हे कोणत्या नियमात बसतं. मी म्हणालो, तलावाच्या. ताप उतरल्यावर रंजनाने पहिलं काम केलं ते ती फेरी फेडण्याचं. गोमाजी पाण्यात उभा होता. ती पुरी होईपर्यंत त्याने जाळं टाकलं नाही.

कापणी सुरू झाली तेव्हा स्पर्धा आली. आमच्या अर्ध्या पोरांच्या बोटांना विळ्याचे काप. रंजनाच्या पायात मी पहिल्यांदा खिळ्यांचे बूट घातले, ती म्हणाली, “सर, हे बैलाले ठोकलेल्या नालेवानी वाटून राहिले.” शर्यत सुरू झाली. पहिल्या वळणाला मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती आतल्या पट्टीत होती, डाव्या अंगाने जराशी झुकलेली, जशी पाळीच्या कोपऱ्यावर पिंपळाजवळ झुकायची. पुढच्या वळणालाही तशीच. बाकीच्या मुली दमायला लागल्या तेव्हा ती दमली नव्हती. ती अजून फेडीच्या फेऱ्यांना लागलेलीच नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. शेवटच्या फेरीत तिच्या मागे बरीच मोकळी जागा होती. ती पहिली आली.

पोरं नाचत होती. धनराज तेव्हा शिकवण्या घ्यायचा, पण मुद्दाम पाहायला आला होता. तो माझ्या गळ्यात पडून रडला. आणि तेवढ्यात मैदानावर शिट्ट्या वाजायला लागल्या. मी वळून पाहिलं. रंजना शेवटची रेघ ओलांडून थांबली होती, पाणी प्यायली होती, आणि आता मागे फिरून उजवा हात देऊन ट्रॅकवर पळायला लागली होती. पुढच्या शर्यतीच्या मुली रेघेवर उभ्या. पंच हात हलवत तिच्यामागे धावत होते. लोक हसत होते, कोणीतरी ओरडलं, “उलट्या चाकाचं कॉलेज!” मी धापा टाकत तिच्यापर्यंत पोहोचलो आणि तिचा दंड धरला.

“अगं, काय करतेस?”

“सर, सगळ्या उलट्या मारल्या नं,” ती रडवेली होऊन म्हणाली. “आबाजीले काय सांगू?”

मुख्य पंचांना मी कसं समजावलं ते देवच जाणे. ते नागपूरचे, कडक म्हणून नावाजलेले. त्यांनी माझं ऐकलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “एक फेरी. बाहेरच्या पट्टीच्या पलीकडून. बाकीच्या तुमच्या तलावावर.” तिने ती एक फेरी मारली. ती सुलट्या दिशेने परत येत होती तेव्हा हसणारे लोक हळूहळू टाळ्या वाजवायला लागले. त्यांना काय कळलं होतं कोण जाणे, पण ते टाळ्या वाजवत होते. उरलेल्या फेऱ्या तिने दुसऱ्या सकाळी पाळीवर फेडल्या, आणि त्या वेळी घाटावर धुणं कमी आणि बायका जास्त होत्या.

कोट काही महिन्यांनी आला. विद्यापीठाने सगळ्यांना एकाच मापाचे कोट शिवले असावेत, रंजनाच्या बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. तिने तो एकदा घातला आणि शामरावला दिला. शामराव थंडीच्या दिवसांत तो घालून तुमसरच्या बाजाराला जातो. कोणी विचारलं, कोण्या खेळाचा रे, तर सांगतो, “पळाचा.” कोण पळालं ते विचारलं तरच लेकीचं नाव घेतो. अखिल भारतीय स्पर्धेत रंजना फार मागे राहिली. तिथल्या मुलींपुढे आमचा तलाव छोटा पडला. पण ती पोलिसात लागली. लग्न तिने नंतर केलं, आपल्या मनाने. दोन पानांच्या इतिहासात तिची एक ओळ आहे, तेवढीच बसली.

मी निवृत्त होऊन भंडाऱ्यात राहायला आलो. गेल्या थंडीत धनराजचा फोन आला की गोमाजी गेला. मी पहिली बस पकडली. पोहोचलो तेव्हा तिरडी उचलत होते. रंजना रजा टाकून आलेली, बायकांमध्ये पिंपळाखाली उभी होती. तिरडी पाळीवर चढली, पाणी डाव्या हाताला ठेवून. ज्या वाटेने त्याने बुढीला आणि पोराला पोचवलं, त्याच वाटेने आता गोमाजी स्वतः चालला होता. मी पिंपळाजवळच थांबलो, गुडघे आता साथ देत नाहीत. स्मशानातून परतणारी माणसं पाळीवरून येत नाहीत, शेतांच्या धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, सरळ गावात जातात. तीच रीत आहे. त्या वाटेने परत कोणी येत नाही.

माणसं गावाकडे गेली तरी रंजना तिथेच होती. मग तिने चपला काढल्या, झाडाच्या बुंध्याशी ठेवल्या, ओढणी कमरेला बांधली.

“सर,” ती म्हणाली, “आबाजीची एक बाकी आहे.”

आणि ती पळायला लागली. पाणी उजव्या हाताला ठेवून, हळू, अंगात पोलिसाची वर्षं आलेली, पण पावलं तीच. धनराज तिच्यामागे निघाला, मग आमची आणखी दोन जुनी पोरं. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. मग मीही काठी घेऊन त्यांच्या मागून चालू लागलो. मी पहिल्या कोपऱ्याशी पोहोचलो असेन, तोवर रंजना तलावाला पूर्ण वळसा घालून पिंपळाजवळ आली होती. घाटावर म्हातारी लीलाबाई बसली होती. तिने हात वर केला, पूर्वी करायची तसाच.

“फिटली वं पोरी,” ती ओरडली. “फिटली.”

माझी फेरी अजून बरीच बाकी होती. मी चालत राहिलो. पाणी उजव्या हाताला होतं.